कॉलेजच्या बास्केटबॉलची गंमत कुठे गेली?

या स्मरणिकेत आम्ही आजवर बडोद्याचे वाडे, तलाव, जुने पूल यांवर लिहीत आलो. यंदाचा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे. तरी तो अगदीच परका नाही. मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकत आहेत, किंवा शिकून तिथेच स्थिरावली आहेत. मार्च महिना लागला की त्यांच्या फोनवर अभ्यास आणि व्हिसा यांच्याखालोखाल एकच विषय असतो, तो म्हणजे कॉलेजांच्या बास्केटबॉलची स्पर्धा. आणि त्याच फोनवर आणखी एक वाक्य कानावर येते. तिथली जुनी माणसे म्हणतात, "पूर्वीसारखी मजा राहिली नाही."

हे वाक्य आपल्याला नवे नाही. संगीत नाटकाबद्दल, गणपतीतल्या मेळ्यांबद्दल आपल्याच घरातली वडीलधारी मंडळी तेच म्हणत आली. फरक इतकाच की खेळात गुणफलक असतो आणि तो जपून ठेवलेला असतो. आम्ही सरकारी बांधकाम खात्यातले. मेजरमेंट बुकात नोंद नसेल तर बिल पुढे सरकत नाही, या शिस्तीत वाढलेले. म्हणून ही तक्रार आकड्यांवर घासून पाहावी असे वाटले.

या खेळाची जन्मतारीखच सापडते, हे त्याचे वैशिष्ट्य. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो तयार केला. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली अठरा तरुण मुले, आणि वरून हुकूम, की यांना गुंतवून ठेवणारे काहीतरी काढा. त्याने तेरा नियम लिहिले आणि पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवरच असते. यामागे कसलेही शास्त्र नाही. इमारत तशी बांधलेली होती, एवढेच. एखाद्या अनामिक ओव्हरसियरने सज्जा बारा फुटांवर घेतला असता तर खेळाचा इतिहास वेगळा झाला असता, हा विचार आमच्या व्यवसायातल्या माणसाला सुखावणारा आहे.

त्या पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ मुले होती आणि अख्ख्या खेळात एकच बास्केट पडली. म्हणजे आकड्यांवर गेलो तर सर्वांत रटाळ सामना तोच ठरेल! पण मुले खूश होती. नेस्मिथ पुढे १८९८ साली कान्सास विद्यापीठात गेला आणि तिथल्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. खेळ ज्याने निर्माण केला तोच त्या विद्यापीठाचा, जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकमेव प्रशिक्षक. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे त्याचे मत होते असे सांगतात. पुढे जे झाले ते नेमके उलट.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला आणि वृद्ध नेस्मिथ तिथे हजर होता. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर झाला; चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, आणि ध्यानचंद यांच्या हॉकी संघाचा अंतिम सामना पाहायला श्रीमंत सयाजीराव महाराज उपस्थित होते. एकाच गावात, एकाच महिन्यात इतकी मंडळी होती.

आता कॉलेजांकडे येऊ. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामने म्हणजे खेळाडूंचे मित्र, दोन प्राध्यापक आणि चहावाला. अमेरिकेत तसे नाही. तिथे कित्येक गावांना व्यावसायिक संघच नसतो. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. कान्सासमधल्या लॉरेन्स गावात १९५५ साली बांधलेल्या सभागृहात पंधरा हजारांवर माणसे बसतात. ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी एका सामन्याच्या जागेसाठी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. गणपतीच्या रांगेची सवय असलेल्या आपल्याला हे समजेल. वरच्या विभागात साडेतीनशेहून अधिक कॉलेजे आहेत, आणि सगळ्यांचे स्वप्न एकच, की मार्चमधल्या स्पर्धेत नाव लागावे. ही स्पर्धा १९३९ साली सुरू झाली तेव्हा आठच संघ होते आणि आयोजकांना सुमारे अडीच हजार डॉलरचा तोटा झाला होता. १९८५ पासून ६४ संघ झाले, २०११ पासून ६८. हरला तो घरी, असा सरळ हिशेब.

लोकांना यात गोडी कशाची होती? खेळाडू ओळखीचे होते, याची. मुलगा अठराव्या वर्षी यायचा आणि पदवी घेऊन जायचा. १९७२ पर्यंत तर पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघात खेळताच येत नसे. तो वर्षभर बाकीच्यांकडून शिकायचा, आणि मग तीन वर्षे गाव त्याला मोठा होताना पाहायचे. लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा ल्यू अल्सिंडर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) असाच तीन वर्षे खेळला आणि तिन्ही वर्षे अजिंक्यपद घेऊन गेला. जॉन वुडन या प्रशिक्षकाच्या हाताखाली यूसीएलएने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळवली, त्यांतली सात लागोपाठ. आता, एकच संघ सात वर्षे जिंकतो हे मनोरंजन की कंटाळा, असे कोणी विचारू शकेल. पण १९६८ च्या जानेवारीत ह्यूस्टनने यूसीएलएला ७१–६९ असे हरवले, तो सामना पाहायला ५२ हजारांवर माणसे होती. राक्षस असल्याशिवाय त्याच्या पाडावाला गर्दी जमत नाही.

अल्सिंडरच्या नावाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, ज्याला डंक म्हणतात, १९६७ साली कॉलेजांत बंदी आली आणि ती नऊ हंगाम टिकली. प्रेक्षकांना सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट नियमकर्त्यांनीच काढून टाकली. कमिट्या सगळीकडे सारख्याच.

आता खरा मुद्दा. बास्केटबॉलमध्ये आघाडी मिळाली की काय करायचे? नेस्मिथच्या नियमांत उत्तर नव्हते. चेंडू आपल्याकडे आहे, गुण आपले जास्त आहेत, मग टाकायची गरजच काय? एकमेकांना पास देत उभे राहा, वेळ जाऊ द्या. व्यावसायिकांना हे फार लवकर भोवले. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस यांचा सामना १९–१८ असा संपला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक चिडले. पैसा बुडतोय म्हटल्यावर उपाय निघायला चार वर्षे लागली. सिराक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन हा बोलिंगच्या खेळाचे केंद्र चालवणारा माणूस. त्याने सरळ भागाकार केला: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा, भागले, आले २४. चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडे गेलाच पाहिजे, नाहीतर तो समोरच्याचा. १९५४ साली हा नियम आला आणि एका वर्षात संघाची सरासरी ७९ वरून ९३ वर गेली. अंदाजपत्रक इतके साधे आणि निकाल इतका चोख, असे काम आमच्या सबंध नोकरीत पाहायला मिळालेले नाही.

कॉलेजांनी मात्र हे घड्याळ तीस वर्षे दाराबाहेर ठेवले. प्रशिक्षकांचा विरोध होता आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही काही होते. लहान कॉलेजाकडे सात फुटी खेळाडू नसतो. चेंडू दाबून धरणे, मोठ्याला धावू न देणे हेच त्याचे हत्यार. पण ते हत्यार मोठ्यांनीच जास्त वापरले. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ हे फार मोठे प्रशिक्षक. त्यांची 'फोर कॉर्नर्स' ही चाल अशी: चार खेळाडू मैदानाच्या अर्ध्या भागाच्या चार कोपऱ्यांत, पाचवा मधे चेंडू घेऊन. कोणी अंगावर आला की कोपऱ्यात पास. घड्याळ संपेपर्यंत हेच. १९७९ च्या फेब्रुवारीत ड्यूकविरुद्ध ही चाल पहिल्या मिनिटापासून खेळली गेली आणि मध्यंतराला गुणफलक होता ७–०. ड्यूकचे सात, नॉर्थ कॅरोलायनाचे शून्य. उत्तरार्धात दोघांनीही चाळीस-चाळीस केले! म्हणजे खेळता येत होते, खेळायचे नव्हते.

याच्या वरचा प्रसंग १९८२ च्या मार्चमधला. नॉर्थ कॅरोलायनाकडे मायकेल जॉर्डन, जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स. समोर व्हर्जिनियाचा सात फूट चार इंची राल्फ सॅम्प्सन. विभागीय अंतिम सामना, देशभर टीव्हीवर. आणि शेवटची सात-एक मिनिटे जॉर्डनच्या संघाने एका गुणाच्या आघाडीवर चेंडू नुसता फिरवत ठेवला. निकाल ४७–४५. पुढे जगातला सर्वांत प्रेक्षणीय ठरलेला खेळाडू मैदानावर होता आणि लोक त्याला उभा राहिलेला पाहत होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका संघाची सरासरी ७७ च्या आसपास असे. त्या १९८१-८२ च्या हंगामात ती साडेसदुसष्टवर आली होती.

कबड्डी पाहणाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. हुतूतूचे नियम १९२३ साली इथेच, आपल्या बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून नुसता परत येतो, हा प्रकार आम्ही कितीतरी मैदानांवर पाहिला आहे. बिनचूक, नियमात बसणारी आणि प्रेक्षकांना उठवून लावणारी चढाई. २०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हा सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, हा 'डू ऑर डाय' नियम तिथे खेळवला गेला. कोल्हापूरपासून पाटण्यापर्यंत माणसे टीव्हीसमोर बसली त्यामागे रोषणाई होती तसा हा नियमही होता. बियासोनचाच भागाकार, फक्त मातीतला.

कॉलेजांत अखेर १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचे घड्याळ आले आणि पुढच्याच हंगामात तीन गुणांची रेषा. घड्याळ नसलेली शेवटची मोठी स्पर्धा १९८५ ची. तिच्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६–६४ असे हरवले. २८ वेळा चेंडू टाकला, त्यांतला २२ वेळा आत गेला. आठव्या मानांकनाच्या संघाने मिळवलेले हे अजिंक्यपद. इतक्या खालून आजवर दुसरे कोणी आलेले नाही. चेंडू धरून खेळण्यातही सौंदर्य असू शकते, हे दाखवून ती पद्धत गेली.

ऐंशीचे दशक हे लोकांच्या आठवणीतले सुवर्णयुग. त्याची सुरुवात १९७९ च्या अंतिम सामन्याने झाली असे मानतात. मिशिगन स्टेटचा मॅजिक जॉन्सन आणि इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड. देशातल्या टीव्ही असलेल्या घरांपैकी सुमारे २४ टक्के घरांत तो सामना लागला होता. हा वाटा नंतर कुठल्याच अंतिम सामन्याला मिळालेला नाही. अर्थात तेव्हा वाहिन्या मोजक्याच होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. रविवारी सकाळी रामायण लागले की रस्ते ओस पडत, असे म्हणताना आपण दुसरी वाहिनीच नव्हती हे विसरतो, तसेच.

मग घसरण कधी झाली? आकडे सांगतात, २०१२-१३ मध्ये संघाची सरासरी पुन्हा साडेसदुसष्टपर्यंत खाली गेली. १९५१-५२ नंतरची सर्वांत कमी. आता घड्याळ होते, तीन गुणांची रेषाही होती, तरीही. २०११ च्या अंतिम सामन्यात बटलर संघाने ६४ वेळा चेंडू टाकला आणि १२ वेळा आत घातला. सत्तर हजार माणसांसमोर निकाल ५३–४१. नेस्मिथला नको असलेला प्रशिक्षक आता मैदानाचा मालक झाला होता. प्रत्येक चाल बाजूने ओरडून सांगायची, बचावात हात लावून अडवायचे, जरा लय लागली की टाइमआउट. त्यातच टीव्हीचे जाहिरातीसाठीचे आठ थांबे ठरलेले. शेवटची दोन मिनिटे वीस-वीस मिनिटे चालत. २०१५ साली घड्याळ ३० सेकंदांवर आणले, टाइमआउट कमी केले, आणि एका हंगामात सरासरी पाचेक गुणांनी वाढली. पुन्हा तोच धडा, पुन्हा तितक्याच उशिरा. २०१६ चा अंतिम सामना तर शेवटच्या क्षणी हवेत असलेल्या चेंडूवर ठरला.

पण गुण वाढले तरी तक्रार थांबली नाही. कारण तिचे दुसरे मूळ गुणफलकावर दिसतच नाही. १९९५ पासून उत्तम मुले शाळेतून थेट व्यावसायिक संघांत जाऊ लागली. २००६ पासून नियम आला की शाळा सोडल्यावर एक वर्ष थांबावे लागेल. मग ती एका वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली. नोव्हेंबरात नाव कळते, मार्चमध्ये मन बसते, जूनमध्ये मुलगा गेलेला. टिम डंकन १९९७ पर्यंत चार वर्षे वेक फॉरेस्टला थांबला होता. आता तसे कोणी केले तर बातमी होईल.

या मुलांना दोष द्यायला आम्ही तयार नाही. २०१० साली या स्पर्धेचे टीव्ही हक्क १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना गेले. प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरचे. आणि खेळणाऱ्याला काय? फी, खोली, जेवण, पुस्तके. नटाला नाइट न देता नाटक कंपनी चालवावी आणि वर 'कलेची निष्ठा राहिली नाही' म्हणून हळहळावे, तसा हा प्रकार. १९५१ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे आणि इतर कॉलेजांचे खेळाडू सट्टेवाल्यांकडून पैसे घेताना पकडले गेले. जिंकायचे, पण ठरल्यापेक्षा कमी फरकाने, असा तो सौदा. त्या वेळी मुलांवर खटले झाले; त्यांच्या जिवावर भरलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गल्ल्याबद्दल कोणी विचारले नाही. त्यांचे वागणे योग्य होते असे नाही. पण सत्तर वर्षे प्रश्न तसाच पडून राहिला. एड ओबॅनन हा १९९५ च्या विजेत्या संघातला खेळाडू. त्याने आपलेच रूप एका विकाऊ व्हिडिओ गेममध्ये पाहिले आणि २००९ साली दावा लावला. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, सर्व नऊ न्यायाधीशांच्या एकमताने, कॉलेज संघटनेविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली. २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वाटा देऊ लागली, वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत, सगळे खेळ मिळून.

न्याय झाला. त्याबरोबर आणखीही काही झाले. कॉलेज बदलले तर एक वर्ष बसून राहण्याची अट आधी सैल झाली, मग गेलीच. आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतो आणि शेकड्यांनी बदलतात. जे कॉलेज जास्त देईल तिकडे. लहान गावाने घडवलेला मुलगा तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठाच्या गणवेशात दिसतो. विद्यापीठेही मागे नाहीत. टीव्हीच्या पैशासाठी जुने विभाग मोडले गेले. २०२४ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या विभागात खेळते. रत्नागिरीचा संघ विदर्भाच्या स्पर्धेत घालावा तसे. शंभर वर्षांची शेजारची वैरे त्यात गेली, आणि शेजारच्या गावाला हरवण्याची जी गोडी ती विमानाने तीन तासांवरच्या गावाला हरवण्यात नसते.

त्याच वर्षी एक वेगळे चित्रही दिसले. आयोवाची केटलिन क्लार्क चार वर्षे एकाच विद्यापीठात खेळली, तेही स्वतःच्याच राज्यात. दर वर्षी तिला पाहणारे वाढत गेले. २०२४ च्या महिलांच्या अंतिम सामन्यात आयोवा साउथ कॅरोलायनाकडून ८७–७५ असा हरला. तो सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाख लोकांनी. महिलांचा आकडा पुरुषांच्या वर जाण्याची ही पहिलीच वेळ. क्लार्क गेल्यावर पुढच्या वर्षी महिलांचा आकडा निम्म्याहून खाली आला, हेही खरे. आणि त्याच २०२५ साली फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५–६३ असे हरवले, तो पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ८१ लाख लोकांनी पाहिला.

जगभर हा खेळ चार भागांत खेळतात. महिलांच्या कॉलेज सामन्यांतही २०१५ पासून दहा-दहा मिनिटांचे चार भाग आहेत. पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत मात्र अजून वीस-वीस मिनिटांचे दोनच भाग चालू आहेत. अंतिम सामना एप्रिलच्या सुरुवातीला सोमवारी रात्री असतो. आपल्याकडे तेव्हा मंगळवारी सकाळचे सात वाजायला आलेले असतात. कचेरीत निघण्यापूर्वी पूर्वार्ध पाहून होतो. उत्तरार्धाचे काय झाले ते मुले फोन करून सांगतात.